सुरी धरणाऱ्या हातांसाठी

कत्तलखान्यांसाठी केंद्र सरकारने २००१ साली जे नियम केले, त्यांत एक कलम असे आहे की संसर्गजन्य रोग असलेल्या माणसाला जनावर कापू देऊ नये. त्याच नियमांत अठरा वर्षांखालच्या मुलाला कत्तलखान्यात कोणत्याही कामावर ठेवायला मनाई आहे, आणि कापणाऱ्याकडे पालिकेचा परवाना हवा असेही म्हटले आहे. अन्नसुरक्षेचे २०११ चे विनियम आणखी पुढे जातात. मांस हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, मुदतीच्या तापासारख्या आजारांची लस, कापलेली नखे, डोक्यावर टोपी. हे सगळे योग्यच आहे. पण हे नियम सलग वाचले की जाणवते, माणसाकडून मांसाला काय लागेल याचा विचार इथे बारकाईने झाला आहे. जनावराकडून माणसाला काय लागेल, याचा फारसा झालेला नाही. तपासणीला उभा राहिलेला कामगार तिथे ग्राहकाच्या वतीने तपासला जातो. त्याच्या स्वतःच्या वतीने कोणी तपासत नाही.

हे पुस्तक त्या राहून गेलेल्या बाजूचे आहे. जनावरांपासून माणसाला होणारे आजार कत्तलखान्यात काम करणाऱ्यांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतात, ती वाट कुठे अडवता येते आणि हे सारे त्यांना कसे सांगावे, एवढाच त्याचा विषय. स्वच्छतेचे धडे या लोकांनी पुष्कळ ऐकले आहेत. मात्र ते दर वेळी मांस खाणाऱ्याच्या काळजीपोटी दिलेले होते. ज्याच्या हातात सुरी आहे त्याच्या काळजीपोटी बोलायला लागलो की बोलण्याची भाषा, क्रम आणि उदाहरणे सगळेच बदलते, हे माझे ठाम मत आहे, आणि या प्रस्तावनेत मला मुख्यतः तेच मांडायचे आहे.

आधी, हे काम करणारे कोण, ते पाहू. जुन्या गावगाड्यात हे काम जातीजातींत वाटलेले होते. मुलाणी हलाल करी, खाटीक बोकड-मेंढरे कापून विकी, मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते आणि कातडे कमावणे ढोरांकडे. जनावर कशाने मेले हे कोणी विचारत नसे. फाशीसारख्या (अँथ्रॅक्स) रोगाने जनावर मेले, तर त्याच्या रक्ताला पहिला हात कोणाचा लागणार हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे बजावले, ते स्वाभिमानासाठी. सार्वजनिक आरोग्याच्या अंगानेही तो मोठा उपदेश होता, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांनी त्याची त्या अंगाने दखल घ्यायला हवी होती.

आज चित्र बदलले आहे, पण फार नाही. मुंबईत १९७१ पासून देवनारचा कत्तलखाना आहे; शहराशहरांत पालिकांचे लहान कत्तलखाने आहेत; म्हशीचे मांस निर्यात करणारे यांत्रिक कारखाने आहेत. तिथले बहुसंख्य कामगार खाटीक आणि कुरेशी समाजांतले, बापाकडून मुलाकडे आलेल्या कामावर जगणारे. कामगार म्हटले की कापणारा डोळ्यांसमोर येतो. खरे तर टेम्पोतून जनावरे उतरवणारा, कातडे सोलणारा, पोट उघडून आतडी काढणारा, वजडी धुणारी बाई, मुंडी आणि पाय भाजणारा, ओल्या कातड्याला मीठ चोळणारा, रक्त-शेण नाल्याकडे लोटणारा सफाई कामगार आणि प्रत्येक जनावर तपासणारा पशुवैद्य, हे सगळे त्याच हवेत आणि त्याच ओल्या फरशीवर असतात. यांतल्या बायकांची नोंद बहुधा कुठल्याच मस्टरवर नसते. त्या कत्तलखान्याच्या भिंतीला लागून, बाहेर बसून काम करतात, म्हणून त्या कत्तलखान्याच्या नव्हेत. याशिवाय बकरी ईदला चार दिवस सुरी धरणारे, आखाडात आणि गावजत्रेत देवाला बोकड कापणारे, रविवारी दुकानामागच्या मोरीत शेळी कापणारे आहेतच. कत्तलखान्याच्या फाटकापाशी थांबणारे आरोग्यशिक्षण यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आजारांत सगळ्यांत आधी ब्रुसेलोसिस. एकाच आजाराला या प्रस्तावनेत मोठी जागा द्यायची तर मी ती यालाच देईन. याचा जंतू १८८७ साली डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टराला माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत सापडला. हा ताप शेळ्यांच्या कच्च्या दुधातून येतो, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी दाखवले. त्यामुळे आजही पुष्कळ डॉक्टर ब्रुसेलोसिस म्हटले की कच्च्या दुधाबद्दल विचारतात आणि थांबतात. खाटकाला दूध प्यावे लागत नाही. त्याच्या बोटावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून आणि श्वासातून हा जंतू आत शिरतो.

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांत हा जंतू गर्भाशयात आणि कासेत घर करतो. जनावर गाभडते, वार अडकते, पुढे ते नीट गाभण राहत नाही. असे जनावर पाळणाऱ्याला परवडत नाही. तो ते विकतो, आणि विकतो तेव्हा ते कुठे जाते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हशींच्या बाबतीत तर राज्याच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यानुसार दुधाला आणि पैदाशीला उपयोगी असलेल्या जनावराला कापण्याचा दाखलाच मिळू शकत नाही. दाखला मिळतो तो भाकड आणि वांझ म्हशीला. कायद्याचा हेतू पशुधन टिकवण्याचा आहे, तो रास्त आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा होतो की ज्यांच्या वांझपणामागे ब्रुसेला असू शकतो अशी जनावरे गोठ्यागोठ्यांतून वेचून एकाच फरशीवर येतात. गोठ्यातल्या माणसाला वर्षाकाठी असे एखादे जनावर भेटते. कत्तलखान्यातल्या माणसाला ती रोज भेटतात.

आणि अशा जनावराकडे बघून काही कळत नाही. म्हैस चांगली धडधाकट असते. कत्तलीपूर्वीच्या तपासणीत पशुवैद्याला तिच्यात खोट दिसत नाही, कत्तलीनंतरच्या तपासणीत मांसही स्वच्छ दिसते. पोट उघडणाऱ्याने गर्भाशयाची पिशवी किंवा कास कापली की जंतू बाहेर पडतो. गाभण जनावर कापायला २००१ च्या नियमांनी मनाई आहे. पण पोटातले पिल्लू लहान असेल तर वरून ओळखू येत नाही, आणि ओळखायला वेळही हवा. नियमाने एका पशुवैद्याने तासाला बारा आणि दिवसाला शहाण्णव जनावरांहून अधिक तपासायची नाहीत. जिथे रात्रीत शेकडो शेळ्या-मेंढ्या उतरतात तिथे पशुवैद्य किती असायला हवेत, हे ज्याचे त्याने मोजावे. मग कधीतरी पोट उघडल्यावर पिल्लू निघते. कामाच्या घाईत पिशवी सुरीने फोडली जाते, पाणी अंगावर येते, आणि तेच ओले हात दिवसभर पुढच्या कामाला लागतात. गाभण पोट दिसले तर पिशवी न फोडता अख्खी बाजूला काढायची, फरशीवर आपटायची नाही, झाकणाच्या पिंपात टाकायची आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. शिकवायची एकच गोष्ट निवडा असे मला कोणी म्हटले, तर मी ही निवडीन.

ताप यायला आठवडे लागतात, कधी महिने. संध्याकाळी कणकण, रात्री घामाने भिजलेली बनियन, सांधे आणि कंबर धरलेली, भूक गेलेली. पुरुषांत कधी वृषणाला सूज. चार दिवस बरे वाटते, पुन्हा ताप. डॉक्टर आधी हिवताप तपासतात, मग मुदतीचा ताप म्हणून पाच-सात दिवसांच्या गोळ्या देतात. ताप उतरतो, पुन्हा येतो. कंबरदुखी लांबली आणि मणक्याच्या चित्रात काही दिसले की क्षयाचे औषध सुरू होते. ब्रुसेलोसिसवरचा खरा उपचार साधा आणि स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लीन सलग सहा आठवडे आणि जोडीला रिफॅम्पिसिन किंवा काही दिवस इंजेक्शने. पण दोन औषधे आणि सहा आठवडे, या दोन्हींत तडजोड केली की आजार उलटतो. हे सगळे सुरू व्हायला रक्ताची एक तपासणी लागते, आणि ती तपासणी सुचायला डॉक्टरला रोग्याचे काम ठाऊक असावे लागते. खाटकाने दवाखान्यात गेल्यावर नावाआधी धंदा सांगावा, असे या पुस्तकात वारंवार म्हटले आहे ते यासाठी.

सांगणे मात्र सोपे नाही. या धंद्याकडे समाज ज्या नजरेने पाहतो ती नजर दवाखान्याच्या बाकावरही असते. गेल्या काही वर्षांत तर आपण काय कापतो हे अनोळखी माणसाला सांगताना पुष्कळजण दहादा विचार करतात. रोगी मजुरी किंवा धंदा एवढेच सांगतो आणि डॉक्टर तेवढेच लिहून घेतो. म्हणून मला वाटते, या शिक्षणाचा निम्मा श्रोता कत्तलखान्याच्या आसपासच्या वस्तीतला जनरल प्रॅक्टिशनर आहे. त्याने विचारावे, आणि असे विचारावे की समोरच्याला सांगावेसे वाटेल.

कत्तलखान्याचा ताप गांभीर्याने घेतला तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. १९३५ पासून ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांना एक ताप येऊ लागला. टायफॉईड नाही, लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) नाही, ज्ञात असलेले काहीच नाही. क्वीन्सलँडच्या आरोग्यखात्यातले एडवर्ड डेरिक यांनी त्याचा माग काढला, १९३७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि नाव सापडेपर्यंत त्याला क्यू फीवर म्हटले. ते नाव पुढे राहिलेच. मेलबर्नला मॅकफर्लेन बर्नेट आणि मॅव्हिस फ्रीमन यांनी त्याचा जंतू ओळखला. व्याल्यावर पडणाऱ्या वारेत तो प्रचंड संख्येने असतो, वाळलेल्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि मोजके जंतू श्वासात गेले तरी माणसाला पुरतात. बऱ्याच जणांना नुसता फ्लूसारखा ताप येतो किंवा काहीच होत नाही. काहींच्या हृदयाच्या झडपांत मात्र तो ठाण मांडतो आणि वर्षांनी प्रकट होतो. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून यावर लस मिळते. कत्तलखान्यात कामाला लागणाऱ्याची आधी त्वचेची व रक्ताची चाचणी होते आणि मग लस दिली जाते, कारण आधीच संसर्ग होऊन गेलेल्याला ती त्रास देऊ शकते. ती लस आपल्याकडे नाही. आपल्याकडे अजून डेरिकच्या पहिल्या पायरीचेच काम शिल्लक आहे. कामगारांना येणारा ताप कोणता, हे नीट शोधून नोंदवणे.

फाशीबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे सांगायचे ते ठळक आहे. काल धडधाकट असलेले जनावर अचानक मेले, नाका-गुदातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर त्याला सुरी लावायची नाही. कातड्यासाठी नाही, मांसासाठी नाही, तपासायलाही नाही. हवा लागली की या जंतूचे बीजाणू होतात आणि ते मातीत दशकानुदशके जिवंत राहतात. माणसाच्या हातावर किंवा मानेवर पुळी येते, तिच्यावर काळी खपली धरते, भोवती सूज चढते, आणि ती दुखत नाही. न दुखणाऱ्या पुळीसाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही, हीच यातली गोम. वेळेत औषध मिळाले तर काळपुळी पूर्ण बरी होते. मरायला टेकलेले जनावर निम्म्या किमतीत घेऊन रातोरात कापण्याचा मोह जिथे जिथे आहे, तिथे हा धोका आहे. आंध्र-ओडिशाच्या आदिवासी भागांत मेलेल्या जनावराचे मांस काढण्यातून काळपुळीच्या साथी आजही होतात.

काँगो ताप आपल्या देशात पहिल्यांदा नक्की झाला तो जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबादजवळ साणंद भागात. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. त्या पहिल्या रुग्ण महिलेबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात या तापाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला गेला. याचा विषाणू गोचिडांतून जनावरांत जातो. जनावर आजारी दिसत नाही, पण आठवडाभर त्याच्या रक्तात विषाणू असतो. गोचीड बोटांनी चिरडण्याची सवय गुरे हाताळणाऱ्या बहुतेकांना आहे. ती सुटली पाहिजे, आणि कत्तलीआधी दोन आठवडे जनावर गोचीडमुक्त ठेवले तर हा धोका जवळपास संपतो. हे दुसरे काम कापणाऱ्याच्या हातात नाही, व्यापाऱ्याच्या आणि बाजारसमितीच्या हातात आहे.

लेप्टो मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या पुरानंतर चांगलाच कळला. कत्तलखान्यात तो बारमाही आहे, कारण उंदीर, जनावरांचे मूत्र आणि तुंबलेले पाणी तिथे एकत्र असते. शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडावरचा मावा खाटकाच्या बोटावर गाठीसारखा उठतो आणि बहुधा आपोआप जातो. तो कापू-फोडू नये, इतकेच. कोंबड्या हाताळणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आलेला बर्ड फ्लू हा धडा आहे. भारतातला तो पहिला प्रादुर्भाव आपल्या नंदुरबार जिल्ह्यात झाला. आणि नवा, कोणाला ठाऊक नसलेला रोगसुद्धा कत्तलखान्यात येऊ शकतो, हे १९९९ मध्ये सिंगापुराने पाहिले. मलेशियातून आणलेल्या डुकरांमधून निपाह आला, कत्तलखान्यातले अकरा कामगार आजारी पडले आणि एक दगावला.

यकृतातल्या आणि फुफ्फुसातल्या पाण्याच्या गाठींबद्दल मात्र जरा सावकाश लिहायला हवे, कारण तिथे खाटकाचे ज्ञान आणि डॉक्टरचे ज्ञान एकमेकांना भेटत नाही. कलेजीत पांढुरकी, पाण्याने भरलेली गाठ दिसली की खाटीक ती क्षणात ओळखतो. पुष्कळांना वाटते की ती हाताला लागली तर रोग होतो. ती हाताळून हायडॅटिड, म्हणजे हा पाण्याच्या गाठींचा आजार, होत नाही. तो भाग कापून फेकला जातो, कत्तलखान्याभोवती घुटमळणारा कुत्रा तो खातो, सहा-सात आठवड्यांत कुत्र्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात, आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती अंडी कुत्र्याच्या केसांतून, मातीतून, न धुतलेल्या हातांतून माणसाच्या पोटात गेली की त्याच्या यकृतात तीच पाण्याची गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडते. त्यात खाटकाचे लहान मूल असू शकते, जे त्याच कुत्र्याशी खेळते. एवढी साखळी सांगितली की कुत्र्याकडे फेफडा फेकणारा हात थांबतो. कुत्र्याला काही देऊ नका, असा नुसता हुकूम सोडला तर थांबत नाही, कारण मुक्या जनावराला तुकडा टाकणे हे त्याला पुण्याचे वाटते. अर्थात फेकलेला भाग जिथे जायचा ते झाकणाचे, कुलपाचे पिंप तिथे असले पाहिजे आणि ते वेळेवर उचलले गेले पाहिजे.

शिक्षणाची सुरुवात अशाच जागी करावी असे मला वाटते. हा माणूस जनावराच्या पोटात रोज पाहतो. कलेजीतल्या चपट्या कृमी, फुफ्फुसातला पू, सुजलेल्या गाठी त्याला पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. त्याला अडाणी समजून सुरुवात केली तर पहिल्या पाच मिनिटांत तो ऐकणे सोडून देतो. त्याला जे दिसते त्यापासून निघून, जे दिसत नाही तिकडे जावे. गाठ दिसते, ब्रुसेला दिसत नाही. त्याचे सगळे शहाणपण दिसणाऱ्यावर उभे आहे आणि घात न दिसणाऱ्यातून होतो. इतकी वर्षे काम केले, काही झाले नाही, असे तो म्हणतो तेव्हा त्याला खोडू नये. त्याच्या ओळखीतल्या कोणाला महिनोन्‌महिने ताप, कंबरदुखी, घाम होता का, एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात एक साधा प्रश्न हाती घेतला होता. क्षयाच्या तपासणीसाठी मोफत एक्स-रेची गाडी दारात आणली तरी लोक का येत नाहीत? त्यातून आरोग्यश्रद्धेची मांडणी उभी राहिली. आजार आपल्याला होऊ शकतो असे माणसाला वाटले पाहिजे, तो गंभीर आहे हे पटले पाहिजे, उपायाचा फायदा दिसला पाहिजे आणि उपायातल्या अडचणी कमी वाटल्या पाहिजेत. कत्तलखान्यातल्या आरोग्यशिक्षणावर जगभर या मांडणीचा मोठा प्रभाव आहे आणि ती उपयोगी आहे. माझी हरकत फक्त शेवटच्या मुद्द्याच्या वाचनाला आहे. अडचण वाटणे आणि अडचण असणे यांत फरक आहे. साबण नसलेल्या नळाजवळ हात धुवायची अडचण कोणाच्या मनात नसते.

रबरी हातमोज्याचे उदाहरण घ्या. चरबी लागली की तो निसरडा होतो, सुरी निसटते, आणि नगावर मजुरी मिळणाऱ्याचा वेग कमी होतो म्हणजे रोजची कमाई कमी होते. तो मोजे काढून टाकतो, यात त्याचे अज्ञान नाही. मग जे होऊ शकते ते शिकवावे. कापताना जनावर धरणाऱ्या डाव्या हाताला जाळीचा धातूचा मोजा, कारण चिरा तिथेच पडतात. कामाला बसण्यापूर्वी दोन्ही हातांवरच्या जुन्या चिरा पाहून त्यांवर पाणी न शिरणारी पट्टी; चिंधी बांधू नये, ती रक्त शोषून जखमेला दिवसभर भिजत ठेवते. पोट उघडणाऱ्याला डोळ्यांवर साधा चष्मा. दोन सुऱ्या, एक हातात आणि दुसरी ८२ अंशांच्या गरम पाण्यात. फरशी जोराच्या फवाऱ्याने धुताना उडणारे तुषार श्वासात जातात, म्हणून आधी खरवडून काढणे आणि मग हलक्या धारेने धुणे. दोन्ही हात गुंतले की सुरी दातांत धरायची सवय असते. तिच्यासाठी कमरेला म्यान बांधायला द्यावे, नुसते रागावू नये.

आपल्याकडची खास गोष्ट तंबाखूची. चुना-तंबाखू डाव्या तळहातावर अंगठ्याने मळायची, ओठात ठेवायची, असे कामाच्या मधे चार-पाचदा होते. त्याच तळहातावर रक्त वाळलेले असते. परदेशी पुस्तिकांत बहुधा कामाच्या जागी खाऊ-पिऊ नये एवढेच असते, तळहातावर मळायच्या तंबाखूचा विचार क्वचितच असतो. ही सवय एका व्याख्यानाने सुटणार नाही. मळण्याआधी हात धुवा, हे मात्र सुटण्याची वाट न पाहता आज सांगता येते, आणि बाजूला नळ-साबण असला तर लोक ते करतातही. तसेच कामाच्या कपड्यांचे. ते घरी नेले की धुणारी बाई तेच पाणी अंगावर घेते; ती गरोदर असेल तर ब्रुसेलोसिसमध्ये तिच्या पोटातल्या बाळालाही धोका असतो. कत्तलखान्यातच कपडे बदलायला आणि धुवायला जागा असणे हा त्या घराचा प्रश्न आहे.

मग हे सांगायचे कोणी? माझ्या मते, त्याच धंद्यातल्या जुन्या माणसाने, पशुवैद्याच्या सोबतीने. जमातीच्या बैठकीत, संघटनेच्या सभेत, पहाटेचे काम संपल्यावरच्या चहाच्या वेळात. व्याख्यान, प्रश्नोत्तरे आणि फलक यांपेक्षा तिथे प्रत्यक्ष करून दाखवणे उपयोगी पडते. देवनारला मराठी, हिंदी आणि दख्खनी तिन्ही चालतात. मजकूर तिन्हींत तयार हवा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी मोठ्याने वाचता येईल असा हवा. मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ आहे आणि माणूस-पशू-पर्यावरण यांच्या एकत्रित आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची २०२२ मध्ये तिथेच पायाभरणी झाली आहे. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एका खोलीत बसवण्याची यंत्रणा या राज्यात आहे. दोघांनी मिळून फरशीवर जायचे तेवढे राहिले आहे.

जनावरांतला रोग कमी झाल्याशिवाय माणसांतला थांबणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. २०१९ मध्ये मथुरेतून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस दिली जाते. ते काम नेटाने चालले तर पंधरा वर्षांनी कत्तलखान्यात येणारी म्हैस वेगळी असेल. आज तिथे उभ्या असलेल्या माणसाला पंधरा वर्षे थांबता येत नाही.

आणि तो आजारी पडलाच तर? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी होती; २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तिच्या पहिल्या भागात, जनावरे, त्यांची धडे किंवा धडांचे भाग हाताळण्याच्या कामातून झालेले संसर्गजन्य आजार स्पष्टपणे नोंदलेले आहेत. म्हणजे ब्रुसेलोसिसने कंबर धरून घरी बसलेल्या कामगाराचा भरपाईवर हक्क आहे. तो मागायला दोन कागद लागतात. काम करत होता याचा पुरावा, आणि आजार कामावर लागल्यानंतरचा आहे याचा पुरावा. नगावर, तोंडी बोलीवर राबणाऱ्याकडे पहिला नसतो, आणि दुसरा कोणाकडेच नसतो, कारण कामावर येताना त्याचे रक्त कोणी तपासलेले नसते.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या पालिकांच्या आवाक्यातला आहे. कापण्याचा परवाना दर काही काळाने नवा करावा लागतो. त्या दिवशी हा माणूस स्वतःहून खिडकीशी येतो; एरवी त्याला गाठणे कठीण. तेव्हाच ब्रुसेलासाठी त्याचे थोडे रक्त घ्यावे, निकाल नोंदवहीत ठेवावा, आणि त्याचे काम, रक्ताचा निकाल व तारीख लिहिलेले एक कार्ड त्याच्या हाती द्यावे, जे तो पुढे कोणत्याही डॉक्टरपुढे न बोलता ठेवू शकेल. वजडी धुणाऱ्या बायकांना आणि सफाई कामगारांना परवाना लागत नाही, त्यांना याच कार्डासाठी बोलवावे. त्यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको. परवान्याच्या खिडकीशेजारी एक टेबल, रक्त घेणारा एक तंत्रज्ञ आणि दहा मिनिटे नीट बोलणारा एक माणूस पुरे.